ऑपरेशननंतरचा खांदा: सोनोग्राफी खरी मानायची की एमआरआय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 63 वर्षांचे, शेती करणारे. उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (खांद्याच्या गोळ्याला वेढणाऱ्या टेंडनचा पट्टा; टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटला होता, दोन टेंडन गेली होती. साडेचार महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन करून चार अँकर घालून ती शिवली. तिसऱ्या महिन्यात सर्जननी सोनोग्राफी करायला सांगितली, तिच्यात 'टेंडन सलग आहे' असं आलं. गेल्या पंधरवड्यात हात वर नेताना दुखायला लागलं, म्हणून घरच्यांनी परस्पर जवळच्या सेंटरवर एमआरआय करून घेतला. त्यात आलं: सुप्रास्पायनेटस टेंडनच्या (कफमधल्या वरच्या टेंडनच्या) हाडाजवळच्या भागात सिग्नल वाढलेला, टेंडन पातळ, अर्धवट पुन्हा फाटल्याची शक्यता, बर्सात (टेंडनवरच्या गादीसारख्या पिशवीत) पाणी, बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) लांब टेंडन दिसत नाही, पूर्ण तुटलेलं असावं, धातूमुळे काही भाग अस्पष्ट. मुलीने विचारलं आहे की ऑपरेशन वाया गेलं का, दोन्ही तपासण्यांतली खरी कोणती, आणि आता 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून दिलेलं औषध) घालून एमआरआय पुन्हा करायचा का.

तुमच्या बाबांची चित्रं माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे टेंडन फाटलेलं नाहीच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या रिपोर्टातल्या शब्दांवरून ते पुन्हा फाटलं आहे हेही ठरत नाही. लिहिलेल्या चारही गोष्टी नीट जुळलेल्या, बऱ्या होत असलेल्या खांद्यातही साडेचार महिन्यांना दिसू शकतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे, 22 वर्षं झाली, आणि त्यातला बराच काळ हाडं-सांध्यांच्या तपासण्यांत गेला. असे रिपोर्ट हातात धरून, चेहरे उतरलेली माणसं मी दर महिन्याला बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. फाटलेलं टेंडन हाडावरून सुटून मागे सरकलेलं असतं. सर्जन ते ओढून आणतात, हाडाचा पृष्ठभाग खरवडून रक्ताळ करतात, हाडात अँकर बसवतात (पेशंट त्यालाच स्क्रू म्हणतात) आणि अँकरच्या दोऱ्यांनी टेंडन हाडावर दाबून बांधतात. दोरा फक्त धरून ठेवतो. जोडण्याचं काम शरीर करतं, आणि ते मूळचं जसं होतं तसं परत करत नाही. मूळच्या जोडात टेंडन, मग कूर्चा, मग कडक झालेली कूर्चा, मग हाड असे थर असतात. ऑपरेशननंतर त्या जागी व्रणाचं ऊतक भरतं. सुरुवातीला त्यात पाणी आणि रक्तवाहिन्या भरपूर असतात, पुढे महिनोनमहिने ते घट्ट होत जातं. रफू केलेल्या कापडावर रफू दिसतं, तसं हे दिसणारच.

आता एमआरआयकडे येऊ. निरोगी टेंडन एमआरआयवर काळं कुळकुळीत दिसतं, कारण त्यातले तंतू घट्ट बांधलेले असतात, मोकळं पाणी नसतं. पाणी टी-टू नावाच्या प्रकारच्या चित्रात पांढरं दिसतं. त्यामुळे ऑपरेशन न झालेल्या खांद्यात काळ्या पट्ट्यात पांढरं दिसलं की फाटलं, हा नियम बराचसा चालतो. शिवलेल्या टेंडनला हा नियम लावला की घोटाळा होतो. व्रणाचं ओलं ऊतक करडं दिसतं. सिग्नल वाढलेला आहे हे वाक्य खरंच असतं, पण साडेचार महिन्यांना तो वाढलेला असणं हेच अपेक्षित आहे. पुढच्या सहा-आठ महिन्यांत तो हळूहळू कमी होतो. काहींचा कायमचा थोडा राहतो आणि त्यांचा खांदा उत्तम चालतो.

मी स्वतः काय करते ते सांगते. ज्या चित्रात टेंडन करडं दिसतं, त्याच चित्रात सांध्यातलं पाणी शोधते. ते दोन्ही शेजारी ठेवून बघते. टेंडनमधली जागा त्या पाण्याइतकी लख्ख पांढरी असेल, पाण्याची रेघ वरपासून खालपर्यंत आरपार गेलेली असेल आणि टेंडनचं टोक मागे सरकलेलं असेल, तर मी 'पुन्हा फाटलं' लिहिते. पाण्यापेक्षा मळकट, करडं असेल आणि तंतूंचा पट्टा हाडापर्यंत पोचत असेल, तर 'जुळण्याच्या अवस्थेतलं टेंडन' लिहिते. यासाठी जपानी सर्जन सुगाया यांनी 2005 साली मांडलेली पाच पायऱ्यांची वर्गवारी जगभर वापरतात. पहिल्या पायरीत टेंडन पुरेसं जाड आणि एकसारखं काळं. दुसरीत जाडी पुरेशी, पण मधे मधे पांढुरकं. तिसरीत जाडी निम्म्याहून कमी, पण कुठेही खंड नाही. चौथीत एक-दोन चित्रांपुरता लहान खंड. पाचवीत मोठा खंड. चौथी आणि पाचवी म्हणजे री-टेअर (पुन्हा फाटणं), यावर फारसं दुमत नाही. दुसरी म्हणजे चांगला निकाल. वाद होतो तो तिसरीवर, आणि 'पातळ, अर्धवट फाटल्याची शक्यता' हे शब्द वाचून मला वाटतं, तुमच्या बाबांचा खांदा दुसरी किंवा तिसरी यांच्या आसपास कुठेतरी असावा. रिपोर्टात पायरी लिहिलेली नाही. त्या सेंटरला फोन करून ती लिहून देण्याची विनंती जरूर करा, तो तुमचा हक्क आहे.

टेंडन हाडावर पूर्ण पसरलेलं दिसत नाही, यावरूनही पुष्कळदा गडबड होते. टेंडन फार मागे गेलेलं असेल, तर सर्जन ते ताणून मूळ जागी आणत नाहीत, थोडं आतल्या बाजूला, ताण न देता शिवतात. ते मुद्दाम केलेलं असतं. ऑपरेशनची नोंद न वाचता मी ते चित्र पाहिलं, तर मलाही ते अर्धं सुटल्यासारखं वाटेल.

बायसेप्सचंही तेच. रोटेटर कफ शिवताना बायसेप्सचं लांब टेंडन सुजलेलं, खराब झालेलं आढळलं, तर सर्जन ते आत सोडवतात किंवा सोडवून खाली हाडाला बांधतात. मग ते मूळ जागी दिसणार कसं? सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशा एका बाईंच्या रिपोर्टात 'बायसेप्स टेंडन पूर्ण तुटलेलं' असं लिहिलं होतं. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर फक्त 'खांदा दुखतो, ऑपरेशन झालेलं' एवढंच होतं आणि मी पुढचं विचारलं नाही. त्या बाई दोन रात्री झोपल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सर्जननी मला फोन करून सांगितलं, ते टेंडन मीच सोडवलंय, डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय. तेव्हापासून ऑपरेशनची नोंद हातात आल्याशिवाय मी शिवलेल्या खांद्याचा रिपोर्ट सहीला घेत नाही. तुमच्या बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर 'टेनोटॉमी' (टेंडन सोडवलं) किंवा 'टेनोडेसिस' (सोडवून हाडाला बांधलं) असा शब्द आहे का बघा. असेल, तर त्या रिपोर्टातली बायसेप्सची ओळ तिथेच निकालात निघाली.

बर्सातलं पाणी तर मी जवळजवळ सोडूनच देते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बर्सा साफ केलेली असते, तिथे व्रण आणि थोडं पाणी राहतं, आणि काहीही न दुखणाऱ्या शिवलेल्या खांद्यांतही ते सर्रास दिसतं.

धातूचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि 3 टेस्लाच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. अँकर बरेच प्रकारचे असतात: टायटॅनियमचे, पीक नावाच्या प्लॅस्टिकचे, विरघळणारे, नुसत्या दोऱ्याचे. धातू असला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं, चित्रात काळा खड्डा पडतो आणि कडेला खोटी पांढरी झालर उमटते. हा खड्डा नेमका तिथेच पडतो जिथे टेंडन हाडाला चिकटलं की नाही हे बघायचं असतं. अँकर धातूचा नसला तरी हाड घासणाऱ्या यंत्राच्या टोकाचे सूक्ष्म धातूकण मागे राहतात. एक्स-रेत ते दिसतही नाहीत, एमआरआयवर मात्र काळे ठिपके देतात. चुंबक जितका ताकदवान, तितकी ही गडबड जास्त. म्हणून धातूचा अँकर असलेल्या खांद्याला 3 टेस्लापेक्षा 1.5 टेस्लाचं मशीन पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं. 'मोठं मशीन म्हणजे चांगला रिपोर्ट' ही समजूत इथे उलटी पडते.

त्याहून महत्त्वाचं आहे मशीन कसं चालवलं ते. चरबीचा सिग्नल दाबायची जी नेहमीची पद्धत असते, ती धातूजवळ फसते. चरबी दबत नाही, पांढरी राहते, आणि वाचणाऱ्याला ते पाणी वाटतं. खोट्या री-टेअरचं हे मोठं कारण आहे. त्याऐवजी स्टर नावाचा सिक्वेन्स (चित्र घेण्याची ठरावीक पद्धत) घ्यावा, बँडविड्थ वाढवावी, ग्रेडियंट एको टाळावा. सीमॅक, मॅव्हरिक अशी धातूसाठीची खास सॉफ्टवेअर काही मशीनवर असतात, ती असली तर उत्तम. हे सगळं टेक्निशियनला आधी कळलं तरच होतं. त्याच्यासमोर बाबा शर्ट काढून, चष्मा-घड्याळ बाजूला ठेवून टेबलावर झोपतात आणि तो रोजचा खांद्याचा प्रोग्रॅम दाबतो. 'खांद्यात चार अँकर आहेत, टायटॅनियमचे' हे एक वाक्य त्याला दरवाज्यातच सांगितलं, तर चित्रं वेगळी येतात. हे अँकर असताना एमआरआय करणं एरवी सुरक्षित असतं, त्याची भीती बाळगू नका, पण कोणते अँकर आहेत त्याचं स्टिकर फाइलमधून बरोबर न्या.

कॉन्ट्रास्टबद्दल लोकांना फार आकर्षण वाटतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन टेंडनबद्दल फारसं नवं कळत नाही, तो जंतुसंसर्गाची शंका असेल तर कामाचा. सांध्यात सुईने औषध सोडून केलेल्या एमआरआयमध्ये लहान फट स्पष्ट होते हे खरं, पण शिवलेला कफ पाणी न झिरपेल इतका बंद नसतो. सर्जननी मधली एक जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असू शकते. औषध वर झिरपलं म्हणून टेंडन सुटलं असं म्हणता येत नाही. तुमच्या बाबांसाठी मी आत्ता दोन्ही सुचवणार नाही.

आता सोनोग्राफी, आणि इथे मी थोडी पक्षपाती आहे हे कबूल करते, कारण रोज माझ्या हातात प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर फिरवायचं उपकरण) असतो.

शिवलेल्या टेंडनसाठी सोनोग्राफीचा सगळ्यात मोठा फायदा हा की तिला धातूचं वावडं नाही. ध्वनी वरून येतो, टेंडन वर असतं, अँकर खाली हाडात. अँकर चमकतो, त्याच्यामागे सावली आणि पट्टे पडतात, पण टेंडन त्याआधीच दिसून गेलेलं असतं. दुसरा फायदा म्हणजे खांदा हलता बघता येतो. तिसरा, दुसरा खांदा शेजारी लगेच तपासून तुलना करता येते. आणि खर्च एमआरआयच्या मानाने बराच कमी.

पेशंटला मी फिरत्या स्टुलावर बसवते आणि स्वतः मागे उभी राहते. सुप्रास्पायनेटस हाडाच्या छताखाली लपलेलं असतं, ते बाहेर काढायला हात मागे न्यावा लागतो. पुरुषांना सांगते, मागच्या खिशातलं पाकीट काढताय तसा हात ठेवा. नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या आजींना सांगते, पदर मागे खोचताय तसा. लगेच कळतं. पण ऑपरेशनला सहा आठवडे झाले नसतील तर हात असा मागे नेऊ देत नाही, त्या स्थितीत टाक्यांवर ताण येतो. तेव्हा हात मांडीवर ठेवून जेवढं दिसेल तेवढ्यावर भागवायचं.

तिसऱ्या महिन्यात शिवलेलं टेंडन सोनोग्राफीवर देखणं नसतं. तंतूंच्या नेहमीच्या समांतर रेघा नसतात, ते खडबडीत, मधे मधे काळसर दिसतं, आत दोऱ्यांच्या चमकदार रेघा असतात. अनुभव नसलेला माणूस हे बघून 'फाटलं' लिहू शकतो. मी बघते ते असं: टेंडनचा पट्टा हाडापर्यंत सलग आहे का, प्रोबने दाबल्यावर तो दबून नाहीसा होतो का, वरचा डेल्टॉइड स्नायू थेट हाडाला टेकलाय का, दोरे आपापल्या जागी आहेत का. एक बाई आठवतात. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात न्हाणीघरात घसरल्या, पट्ट्यातला हात आपसूक पुढे आला, 'कट्ट' असा आवाज झाला. मी प्रोब ठेवला तर हाडावर काळं पाणी आणि त्यात दोऱ्याची मोकळी टोकं, हात जरासा हलवला की कटलेल्या पतंगाच्या मांज्यासारखी हेलकावणारी. त्या खांद्याला एमआरआयची वाट बघायची गरज नव्हती, सर्जनना मी तिथूनच फोन लावला.

सोनोग्राफी किती भरवशाची? ऑपरेशन होऊनही दुखणाऱ्या खांद्यांवर प्रिकेट आणि सहकाऱ्यांनी 2003 साली केलेल्या अभ्यासात सोनोग्राफीचा निष्कर्ष पुन्हा दुर्बिणीने बघून पडताळला. फाटलेली टेंडन तिने 91 टक्के वेळा ओळखली, शाबूत असलेली 86 टक्के वेळा. हे आकडे चांगल्या हातांचे आहेत, हे विसरू नका. टेंडन खूप मागे सरकून छताखाली गेलं तर सोनोग्राफीला त्याचं टोक दिसत नाही. हाडाच्या आतलं काही दिसत नाही. जाड अंगाच्या आणि खांदा आखडलेल्या पेशंटमध्ये तपासणी अर्धवट राहते.

आणि आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. परदेशात अनेक खांद्याचे सर्जन आपल्या टेबलाजवळच छोटं मशीन ठेवतात आणि दर भेटीला बघतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे, 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे, प्रत्येक सोनोग्राफी मशीन, ते कुठे ठेवायचं आणि कोण चालवणार, सगळं नोंदवावं लागतं. कायद्याचं कारण योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम असा की सर्जन पेशंटला बाहेर पाठवतात, आणि तालुक्याच्या गावी रोज पोटाच्या आणि गरोदरपणाच्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडे शिवलेला खांदा वर्षातून एखादा येतो. म्हणून मी पेशंटना स्पष्ट सांगते: खांद्याची सोनोग्राफी नेहमी करणारा माणूस मिळत असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफी. मिळत नसेल तर एमआरआय. कारण एमआरआयची चित्रं जशीच्या तशी राहतात, दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईतल्या कुणालाही पाठवून पुन्हा वाचून घेता येतात. सोनोग्राफीत करणाऱ्याला प्रोब फिरवताना जे दिसलं ते दिसलं, नंतर चार स्थिर चित्रांवरून दुसऱ्याला फार काही सांगता येत नाही.

साधा एक्स-रे टेंडन दाखवत नाही, पण त्याला कमी लेखू नका. धातूचा अँकर बाहेर आलाय का, हाडाच्या छताचं फ्रॅक्चर आहे का, कुठे कॅल्शियम साठलंय का, हे काही मिनिटांत कळतं. खांद्याचा गोळा आणि वरचं छत यांतलं अंतर मोजतात, ते सात मिलिमीटरच्या खाली गेलं की कफ कामातून गेल्याची शंका घ्यायची. ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रे जपून ठेवा, पुढच्याशी तुलना करायला तोच लागतो. आणि एक्स-रेत 'स्क्रू दिसतच नाही' म्हणून घाबरून येणाऱ्यांना सांगते: प्लॅस्टिकचे, विरघळणारे आणि दोऱ्याचे अँकर एक्स-रेत दिसतच नाहीत, हाडातली भोकं फार तर दिसतात.

सांध्यात औषध सोडून केलेला सीटी स्कॅन फ्रान्समध्ये खूप वापरतात. आपल्याकडे मी तो ठराविक पेशंटसाठी सुचवते: एमआरआय न चालणारा पेसमेकर असलेला, बंद जागेत जीव घाबरा होणारा, खांद्यात खूप धातू असलेला, किंवा दुसऱ्या ऑपरेशनआधी अँकर हाडात नेमके कुठे आहेत हे बघायचं असलेला. टेंडनच्या आतल्या बाजूची फट तो फार स्वच्छ दाखवतो. सुई, किरणोत्सर्ग आणि आयोडीनचं औषध हे त्याचे तोटे.

पण कोणती तपासणी यापेक्षा केव्हा आणि कशासाठी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या फाटलेल्या कफवर 2011 साली मिलर आणि सहकाऱ्यांनी 22 पेशंटची दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली. नऊ टेंडन पुन्हा फाटली, त्यातली सात पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे तुमच्या बाबांची तिसऱ्या महिन्यातली 'सलग' सोनोग्राफी ही खरोखर चांगली बातमी आहे, धोक्याचा मोठा टप्पा त्यांनी पार केलाय. पूर्ण पार केला असं नाही, नऊपैकी दोन नंतर फाटली होती. वयाचाही हात असतो. फ्रान्समध्ये बुआलो यांनी 2005 मध्ये फक्त सुप्रास्पायनेटस शिवलेल्या 65 पेशंटमध्ये बघितलं, तर एकंदर 71 टक्के पूर्ण जुळली होती. 55 च्या आतल्यांमध्ये हे प्रमाण 95 टक्के होतं आणि 65 च्या पुढे 43 टक्के.

आणि आता जी गोष्ट पेशंटना पटायला सगळ्यात जड जाते ती. चित्र आणि त्रास यांचं नातं फार सैल आहे. गलाट्झ आणि सहकाऱ्यांनी 2004 साली खूप मोठ्या फाटलेल्या 18 खांद्यांचा निकाल छापला. वर्षभरानंतर सोनोग्राफीत 18 पैकी 17 टेंडन पुन्हा फाटलेली निघाली, आणि तरीही त्या पेशंटचं दुखणं आणि हात वापरणं त्या वेळी ऑपरेशनआधीपेक्षा कितीतरी चांगलं होतं. याचा अर्थ टेंडन जुळलं नाही तरी चालतं असा घेऊ नका. जुळलेल्या खांद्याची ताकद जास्त येते. पण नुसतं दुखतंय म्हणून टेंडन फाटलं, किंवा चित्रात फट आहे म्हणून पुन्हा ऑपरेशन, हे दोन्ही हिशोब चुकीचे.

साडेचार महिन्यांना दुखण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. आखडलेला खांदा हे त्यातलं फार नेहमीचं, बाबांना साखर असेल तर अजूनच. व्यायामाचा टप्पा वाढला की काही दिवस दुखतं. मानेतून येणारं दुखणं असतं. शेतातलं काम लवकर सुरू केलं असेल तर तेही सांगा, लपवू नका, डॉक्टर रागावणार नाहीत. सर्जन दोन मिनिटांत जे बघतील ते कुठलंही मशीन दाखवत नाही: दुसऱ्याने हात उचलला तर तो पूर्ण वर जातो का, आणि स्वतः उचलताना ताकद गेलीय का. दुसऱ्यानेही जात नसेल तर खांदा आखडलाय. दुसऱ्याने जातो, पण स्वतः मुळीच धरवत नाही, आणि हे अचानक झालंय, तर टेंडनची शंका खरी.

तपासणीची घाई कधी करायची? पडल्यावर, 'कट्ट' असा आवाज आल्यावर, कालपर्यंत वर जाणारा हात आज एकदम न गेल्यास. आणि जखमेतून पाणी, ताप, रात्रीचा वाढता ठणका असेल तर त्याच दिवशी. तिथे प्रश्न टेंडनचा नसतो, जंतूंचा असतो. खांद्यात क्युटिबॅक्टेरियम नावाचा जंतू अगदी संथ वाढतो, ताप न आणताही राहतो. सांध्यातलं पाणी काढून त्याचं कल्चर दोन आठवडे ठेवावं लागतं, हे लॅबला सांगायला लागतं.

एमआरआयला सहसा पर्याय नाही अशी एक जागा उरते: पुन्हा ऑपरेशन करायचंच ठरत असेल तेव्हा. टेंडन किती मागे गेलंय आणि स्नायूत चरबी किती भरलीय, हे त्याशिवाय सहसा नीट कळत नाही. स्नायूत चरबी भरली की ती सहसा परत जात नाही, आणि अशा स्नायूला पुन्हा शिवून फार उपयोग होत नाही. ही मोजणी गुतालिए यांनी 1994 मध्ये सीटीवर सुरू केली, आता एमआरआयवर करतात. ऑपरेशनआधीच्या एमआरआयशी तुलना करताना एक सावधगिरी बाळगायची: टेंडन ओढून शिवल्यावर स्नायूचा जाड भाग बाहेर सरकतो, त्यामुळे त्याच जागेच्या चित्रात तो एकदम सुधारल्यासारखा दिसतो. ती सुधारणा नसते.

तर तुमच्या बाबांसाठी मी हे करीन. एमआरआय आत्ता पुन्हा करू नका. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना भेटा, त्यांनी हात तपासू दे. तोपर्यंत व्यायाम आपल्या मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका, फिजिओथेरपिस्टना फोन करून विचारा. ताकद टिकून असेल, तर दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी, शक्यतो तिसऱ्या महिन्यात जिथे केली तिथेच, म्हणजे तुलना होईल. ती पुन्हा सलग आली तर त्या एमआरआयच्या रिपोर्टाची काळजी सोडा आणि सर्जन म्हणतील तेव्हा, बहुधा वर्ष पूर्ण झाल्यावर, पुढची तपासणी करा. ताकद गेली असेल किंवा सोनोग्राफीत फट दिसली, तर मग एमआरआय, पण 1.5 टेस्लावर, धातूसाठीचे सिक्वेन्स मागून घेऊन.

प्रत्येक ठिकाणी जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, अँकरचं स्टिकर, आधीचा एमआरआय आणि आत्ताचा एमआरआय बरोबर असू दे. त्या सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या, नुसती फिल्म नको. फिल्मवर त्यांनी निवडलेली चित्रं बारीक करून छापलेली असतात, आणि तुमच्या बाबांच्या टेंडनचं उत्तर कदाचित न छापलेल्या एखाद्या चित्रात असेल.